एचआयव्हीसोबत जगताना प्लेटलेट कमी झाल्या तर: गावात काय सांभाळायचं आणि दवाखान्यासाठी कधी निघायचं

एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या देणाऱ्या सेंटरवर कुणी "पेशी कमी झाल्या" म्हटलं की त्याचा अर्थ सीडी4. तेच वाक्य पावसाळ्यात तालुक्याच्या लॅबसमोर ऐकू आलं की अर्थ प्लेटलेट. दोन्हींना आपल्याकडे पेशीच म्हणतात, आणि निम्मा घोळ इथेच होतो. सीडी4 या संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. प्लेटलेट म्हणजे जखमेच्या तोंडाशी गोळा होऊन रक्त थांबवणारे बारीक तुकडे. एखाद्याचा सीडी4 चांगला 600 असतो आणि प्लेटलेट मात्र 40,000 वर आलेल्या असतात. म्हणून कुणीही "पेशी कमी आहेत" सांगितलं की आधी विचारा, कोणत्या?

एचआयव्हीत प्लेटलेट दोन बाजूंनी मार खातात. विषाणूमुळे गोंधळलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेटवर खुणा करते आणि पोटाच्या डाव्या बाजूची प्लीहा त्या वेचून नष्ट करते. शिवाय हाडांच्या मगजात ज्या मोठ्या पेशींपासून प्लेटलेट तयार होतात त्यांच्यातच विषाणू शिरतो, त्यामुळे नवीन उत्पादन घटतं. हे संसर्गाच्या कोणत्याही टप्प्यावर होतं. काहींच्या बाबतीत तर एचआयव्हीचं पहिलं लक्षणच हे असतं. म्हणून कारण सापडत नसताना प्लेटलेट कमी दिसल्या तर एचआयव्हीची तपासणी करायलाच हवी.

पहिलं काम: रिपोर्ट नीट वाचणं

सामान्य आकडा 1.5 लाख ते 4.5 लाख. पण प्रत्येक लॅब तो वेगळ्या तऱ्हेने छापते. "0.45 लाख", "45,000" आणि "45" (शेजारी हजाराचं चिन्ह) हे तिन्ही एकच आहेत. 0.45 वाचून "आता काही उरलंच नाही" म्हणून घाबरलेली माणसं असतात, आणि 45 वाचून "थोडंच कमी आहे" म्हणून घरी परतलेलीही. लॅबवाल्याला सरळ विचारा, "हजारात किती?" आणि तो आकडा तारखेसह एआरटीच्या पुस्तकात पेनने लिहून ठेवा.

मग आकडा खरा आहे का ते बघायचं. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींची मोजणी. तिचं रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. त्यातल्या ईडीटीए या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. मशीन गठ्ठा मोजत नाही, त्यामुळे 1.8 लाख असलेल्या माणसाचा आकडा 35,000 येतो. अंगावर एकही खूण नाही आणि आकडा अचानक खाली आला, तर दोन गोष्टी मागा: काचपट्टीवरची तपासणी, म्हणजे पेरिफेरल स्मिअर, आणि निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा मोजणी. सायट्रेट नळीतला आकडा 1.1 ने गुणायचा, कारण त्यात द्रव जास्त असतो. रक्त काढताना सुई दोनदा टोचावी लागली किंवा नळी हलवायची राहून गेली तरी बारीक गुठळ्या होऊन आकडा खोटा येतो. स्टेरॉईड किंवा रक्तपिशवीचा निर्णय एकाच रिपोर्टवर होऊ देऊ नका.

स्मिअरमध्ये तुटक्या, टोकदार तांबड्या पेशी दिसल्या आणि सोबत ताप, भ्रम, फिकटपणा किंवा लघवी कमी होणं असेल, तर तो टीटीपी नावाचा वेगळा आजार असू शकतो. तो तातडीचा असतो आणि एरवीसारख्या प्लेटलेट चढवल्या तर बिघडू शकतो. त्याला मोठ्या रुग्णालयात प्लाझ्मा बदलावा लागतो. हा आजार क्वचित होतो, पण एचआयव्हीत त्याचं नाव डोक्यात असलं पाहिजे.

अंग कसं बघायचं

आकड्यापेक्षा अंग जास्त खरं सांगतं. सकाळी उजेडात बसा, परकर किंवा पायजमा गुडघ्यापर्यंत वर घ्या आणि नडगी बघा. टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके, खाज नाही, हाताला उंचवटा लागत नाही. पारदर्शक काचेच्या ग्लासाची बाजू त्यावर दाबा. पुरळ किंवा डासाच्या चाव्याची लाली दाबल्यावर फिकी पडते, हे ठिपके तसेच राहतात, कारण रक्त कातडीखाली आलेलं असतं. परकराच्या नाडीखाली, ब्लाउजच्या बाहीच्या कडेला, मोज्याच्या रबराजवळ बघा. दाब पडतो तिथे ठिपक्यांची रांग उमटते. मग आरशासमोर तोंड उघडा. गालाच्या आत किंवा जिभेवर काळसर रक्ताचे फोड दिसले तर ते पायाच्या ठिपक्यांपेक्षा जास्त गंभीर, त्याच दिवशी दवाखाना. काळ्या, डांबरासारख्या चिकट शौचाचंही तेच. मात्र लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, म्हणून त्या सुरू असतील तर डॉक्टरांना सांगा.

आकडा आणि धोका

1 लाखाच्या वर असेल तर रोजची कामं करा आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासा. 50,000 ते 1 लाख या पट्ट्यात आपोआप रक्त वाहत नाही. दात काढणं, ऑपरेशन, बाळंतपण असेल तरच आधी ठरवावं लागतं. 30,000 ते 50,000 मध्ये मार लागला की जास्त वाहतं, म्हणून जड काम, कंबरेतली सुई आणि दुखण्याच्या गोळ्या बंद, आणि आठ-पंधरा दिवसांनी तपासणी. 30,000 च्या खाली त्याच आठवड्यात तज्ज्ञाकडे जा, उपचार द्यायचा की नाही ते तिथे ठरतं. 20,000 च्या खाली त्याच दिवशी. 10,000 च्या खाली अंगावर एक ठिपका नसला तरी भरती व्हा, कारण इथे मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती खरी असते.

पण आकडा कोणत्या वेगाने उतरतो हेही तितकंच महत्त्वाचं. वर्षभर 45,000 वर स्थिर असलेला माणूस आठवड्यात 1.6 लाखांवरून 60,000 वर आलेल्यापेक्षा सहसा सुरक्षित असतो.

कारण शोधणं

सगळं एचआयव्हीवर ढकललं की बरं होणारी कारणं निसटतात. विदर्भात मृगापासून दिवाळीपर्यंत ताप आणि कमी प्लेटलेट एकत्र आले की आधी मलेरिया, डेंग्यू आणि स्क्रब टायफस बघायचे. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात, तेंदूपत्ता किंवा मोहासाठी रानात राहणाऱ्यांमध्ये फाल्सिपॅरम मलेरिया असतो. आशाताईंकडच्या किटवर तो मिनिटांत कळतो. स्क्रब टायफस गवत-झुडपातल्या बारीक कीटकाने होतो, 2018 मध्ये नागपूर भागात त्याचे बरेच रुग्ण सापडले होते. निंदण किंवा गवत कापून आल्यावर ताप आला तर काख, जांघ, स्तनांखाली, कमरेच्या दोऱ्याखाली काळी खपली शोधा. सिगारेटने चटका बसल्यासारखी दिसते आणि दुखत नाही म्हणून ध्यानात येत नाही. डॉक्सिसायक्लिन वेळेवर मिळालं तर माणूस दोन-तीन दिवसांत सावरतो.

औषधांकडे बघताना एक गैरसमज आधी बाजूला ठेवा. सरकारी सेंटरवर मिळणाऱ्या टीएलडी गोळीतल्या टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर या तिघांवर प्लेटलेट उतरवल्याचा ठपका क्वचितच येतो. संशय घ्यायचा तो इतरांवर. सीपीटी म्हणून मिळणारी कोट्रायमोक्साझोल प्लेटलेट उतरवू शकते, ती डॉक्टर बदलून देतात. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीसाठी दिलं जाणारं लिनेझोलिड दोन आठवड्यांहून जास्त चाललं की आकडा खाली ओढतं. टीबीचं रिफाम्पिसिन मधे बंद पडून पुन्हा सुरू केलं की काहींना डोस घेतल्यावर काही तासांतच ठिपके उठतात. तसं झालं तर पुढचा डोस घेऊ नका, त्याच दिवशी टीबी युनिटला सांगा. ते औषध त्या माणसाला परत कधीच द्यायचं नसतं.

हिपॅटायटिस बी आणि सी यकृत खराब करतात, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून राहतात. सी चं औषध राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत मिळतं आणि बहुतेकांना 12 आठवड्यांत बरं करतं. मोहाची असो की देशी, दारू हाडांच्या मगजावर थेट आघात करते. बंद केल्यावर सहसा आठवडाभरात आकडा चढू लागतो. बी12 ची कमतरता तपासा, पण त्याची सुई 50,000 च्या खाली कंबरेत घेऊ नका, गोळी मागा. आपल्या भागात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. त्या माणसाचं पोट डाव्या बाजूला एकदम फुगलं, चेहरा पांढरा पडला तर प्लीहेत रक्त अडकलेलं असू शकतं. तेव्हा वाट बघायची नाही. ताप, वजन घट आणि तिन्ही प्रकारच्या पेशी (तांबड्या, पांढऱ्या आणि प्लेटलेट) कमी असतील तर हाडांच्या मगजाची तपासणी लागते, कारण टीबी किंवा लिम्फोमा हा कर्करोग मगजात बसलेला असू शकतो.

खरा उपाय: एआरटी न चुकवणं

विषाणू दबला की एचआयव्हीमुळे कमी झालेल्या प्लेटलेट बहुतेकांच्या आपोआप वर येतात. काहींना दोन-चार आठवड्यांत फरक दिसतो, काहींना तीन महिने लागतात. या काळात 40,000 चा आकडा बघून गोळी बंद करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एआरटी थांबली की आकडा पुन्हा कोसळतो, आणि हिपॅटायटिस बी सोबत असेल तर टेनोफोविर-लॅमिवुडिन बंद झाल्याने यकृत भडकतं ते वेगळं.

गोळी कुठे चुकते? कापूस वेचायला दुसऱ्या जिल्ह्यात गेलं की. मेळघाटातून कामासाठी बाहेर पडलं की. निघण्याआधी सेंटरला सांगितलं तर जास्त महिन्यांची गोळी देतात किंवा तिथल्या सेंटरसाठी चिठ्ठी लिहून देतात. दुसरी चूक लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची. त्या उपाशी पोटी डोल्युटेग्राविरसोबत घेतल्या तर ते पोटातच बांधलं जातं, रक्तात पोचत नाही. एआरटी आधी घ्या आणि 2 तासांनी लोह, किंवा लोहानंतर 6 तास थांबा. हा हिशेब जमत नसेल तर दोन्ही पोटभर जेवणासोबत घ्या, तेही चालतं. पोट जळण्याच्या औषधाला (अँटासिडला) मात्र 2 आणि 6 तासांचा हिशेब पाळावाच लागतो. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू असेल तर डोल्युटेग्राविर 50 मिग्रॅ 12 तासांनी पुन्हा घ्यायचं असतं. ती जास्तीची गोळी मिळाली नसेल तर विचारून घ्या. गोळ्या नियमित असूनही प्लेटलेट चढत नसतील तर व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, तपासून मागा.

एआरटीने काम होईपर्यंत

आकडा 30,000 च्या खाली असेल किंवा रक्त वाहत असेल तर डॉक्टर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड देतात, साधारण वजनाच्या दर किलोला 1 मिग्रॅ, म्हणजे 50 किलोच्या माणसाला रोज 50 मिग्रॅ, काही आठवडे, मग हळूहळू उतरवत. आधी छातीचा एक्स-रे आणि थुंकी तपासून घ्या. दबलेला टीबी स्टेरॉईडने उसळतो. साखरही तपासत राहा. आणि बरं वाटलं म्हणून एका दिवसात बंद करू नका. गावात ताकदीची म्हणून सुट्टी विकली जाणारी गोळी बऱ्याचदा स्टेरॉईडच असते, तिच्यापासून दूर राहा.

रक्त जोरात वाहत असेल तर आयव्हीआयजी (रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं), दर किलोला 1 ग्रॅम, शिरेतून. दोन-चार दिवसांत आकडा चढतो, पण परिणाम काही आठवडेच टिकतो आणि औषध महाग आहे. म्हणून भरती होताना महात्मा फुले योजनेच्या खिडकीवर तुमच्या उपचाराचं काय बसतं ते आधी विचारा, कागद मागाहून जमत नाहीत.

प्लेटलेटची पिशवी म्हणजे लगेच इलाज, असं वाटतं. पण प्रतिकारशक्ती आपल्या प्लेटलेट मारते तशी चढवलेल्याही काही तासांत मारते. म्हणून ती फक्त मोठा रक्तस्राव किंवा ऑपरेशन असताना, इतर उपचारांसोबत. शिवाय प्लेटलेट 20 ते 24 अंशांत, सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि जेमतेम 5 दिवस टिकतात. ग्रामीण रुग्णालयात त्या मिळत नाहीत. नागपूरचं मेडिकल किंवा मेयो, यवतमाळ, अकोला, सेवाग्राम अशा घटक वेगळे करणाऱ्या रक्तपेढीपर्यंत जावंच लागतं. तुमच्या गावापासून अशी पेढी किती तासांवर आहे, हे आजच माहीत करून घ्या.

पपईच्या पानांचा रस? डेंग्यूत त्यावर काही लहान अभ्यास झाले आहेत, एचआयव्हीतल्या कमी प्लेटलेटसाठी त्याचा आधार नाही. घोटभर पिऊन बरं वाटत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, पण त्यापायी एआरटी मागे पडू नये. गुळवेलीच्या काढ्याने काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, तो टाळा. शेळीचं दूध प्यायचं तर उकळून. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो, आणि तोही प्लेटलेट उतरवतो.

शेतात आणि घरात

आपल्याकडे अंग दुखलं की "सुई लावून द्या" म्हणतात. कंबरेत टोचलेली डायक्लोफेनॅकची सुई कमी प्लेटलेटला दुहेरी मार असते. स्नायूत रक्ताची गाठ धरते आणि उरलेल्या प्लेटलेटचं कामही मंदावतं. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, निमेसुलाईड यांचंही तेच. दुखण्या-तापाला पॅरासिटॅमॉल 500 मिग्रॅ, दोन डोसांत किमान 6 तास, दिवसात 6 गोळ्यांच्या वर नाही. दारू किंवा यकृताचा आजार असेल तर 4. डॉक्टरांना "प्लेटलेट कमी आहेत, सुई नको, द्यायचीच तर शिरेतून" एवढं सांगितलं तरी पुरतं. एचआयव्ही प्रत्येकाला सांगण्याची सक्ती नाही. 2017 च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने गुप्ततेचा हक्क दिला आहे आणि एचआयव्हीच्या कारणाने उपचार नाकारायला बंदी आहे.

कापूस वेचताना सुकलेल्या बोंडांची टोकं नखांच्या कडा फाडतात, पऱ्हाटी आणि तुराटीचे खुंट पिंडऱ्या ओरबाडतात. 50,000 च्या खाली असाल तर हातात जाड सुती मोजे, पायात गुडघ्याखालपर्यंतचे रबरी बूट, आणि विळ्याचं काम दुसऱ्याकडे. मोटारसायकलवर हेल्मेट. घोणस चावली तर तिच्या विषानेच रक्त गोठायचं थांबतं. बांधू नका, चिरू नका, 108 बोलवा आणि प्लेटलेट आधीपासून कमी असल्याचं पहिल्या वाक्यात सांगा.

खर्रा सोडा, हे आम्ही अगदी मनापासून सांगतो. सुपारीचे कण आणि चुना हिरड्या सोलतात, आणि कमी प्लेटलेट असताना रात्री झोपेत उशीवर रक्त दिसतं ते बऱ्याचदा तिथूनच. दात मऊ ब्रशने घासा, मिसरी आणि दातण नको. दाढीला वस्तरा नको. शौचाला जोर करावा लागू नये म्हणून पाणी आणि पालेभाजी भरपूर.

पाळी जास्त जात असेल तर कापड किंवा पॅड मोजा. सलग दोन तास तासाला एक भिजत असेल किंवा लिंबाएवढ्या गाठी पडत असतील तर त्याच दिवशी दवाखाना. रक्त थांबवणारं ट्रॅनेक्सामिक ॲसिड उपयोगी आहे, पण डॉक्टरांकडूनच, आणि लघवीतून रक्त असेल तर ते आधी सांगून. गरोदर बाईची एआरटी एक दिवसही थांबवायची नाही. बाळंतपण रक्तपेढी असलेल्या रुग्णालयातच ठरवायचं, कारण पाठीतल्या भुलीचा निर्णय आकड्यावर अवलंबून असतो.

रक्त आलं तर

घोळणा फुटला की आपल्याकडे माणसाला आडवं करून डोक्यावर पाणी मारतात. त्याने रक्त घशात जातं आणि किती गेलं ते कळत नाही. बसवा, मान पुढे वाकवा, नाकाचा हाडाखालचा मऊ भाग अंगठा आणि बोटाने चिमटीत धरा. घड्याळ बघून 15 मिनिटं, मधे सोडून बघायचं नाही. तोंडाने श्वास, घशात आलेलं थुंकायचं. दोनदा करूनही थांबलं नाही तर निघा. जखमेवर स्वच्छ कापड दाबून तेवढाच वेळ, वर हळद-चहापत्ती नको. हिरडीला गार पाण्याची चूळ, मग गॉजची घडी दाबून धरा. डॉक्टरांनी दिली असेल तर ट्रॅनेक्सामिक ॲसिडची 500 मिग्रॅ गोळी दोन चमचे पाण्यात विरघळवून दोन मिनिटं तोंडात फिरवा.

मदत करणाऱ्याने हातमोजे किंवा न फाटलेली प्लास्टिक पिशवी हातात घालावी. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे ब्लीचिंग पावडर ताजी कालवून रक्ताचे कपडे अर्धा तास त्यात बुडवा. कुणाच्या उघड्या जखमेत किंवा डोळ्यात रक्त गेलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि सरकारी रुग्णालय गाठा. बचावाच्या गोळ्या जितक्या लवकर तितक्या चांगल्या, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि 28 दिवस चालतात. माहितीसाठी 1097 वर मोफत फोन करता येतो.

डोक्याला मार, अचानक फुटणारं डोकं, उलट्या, नजर अंधुक, बोलणं अडखळणं, एका बाजूचं बळ जाणं, काळी शौच, रक्ताची उलटी. यातलं एकही असेल तर सकाळची एसटी नको, रात्रीच 108. जवळच्या केंद्रावर थांबून वेळ घालवू नका, प्लेटलेट असलेल्या रुग्णालयाचंच नाव घ्या.

दरवर्षी मृग लागण्याआधी, ताप नसताना, एक सीबीसी करून घ्या. डेंग्यूच्या दिवसांत आकडा 70,000 आला तर तो तुमचा नेहमीचा 85,000 होता की 2 लाख, यावर डॉक्टरांचा पुढचा सगळा निर्णय ठरतो. एका जाड कागदावर एवढं लिहा आणि प्लास्टिकमध्ये घालून खिशात किंवा बटव्यात ठेवा: रक्तगट, नेहमीचा प्लेटलेट आकडा आणि तारीख, "प्लेटलेट कमी असतात, कंबरेत सुई देऊ नये, ॲस्पिरिन आणि डायक्लोफेनॅक देऊ नये", न चालणारी औषधं, आणि सोबत येऊ शकणाऱ्या माणसाचा फोन.